परमिट

खातं माझ्या नावावर,
पैसे चक्कीचे, पायलीपायलीनं साठलेले,
मोबाइल नंबर तेवढा त्याचा.
तेव्हा घरात एकच सिम होतं
आणि अर्जातली चौकट रिकामी सोडता येत नव्हती.

म्हणून सव्वानऊला,
तो आर्वीकडच्या फीडरवर खांबाला पट्टा बांधून असताना,
मी पासवर्ड टाकते
आणि सहा आकडे
माझ्याकडे न येता
त्याच्या खिशात जाऊन थरथरतात.

हा आकडा कोणालाही सांगू नका,
असं मेसेजमध्येच लिहिलेलं असतं.
तो वरून ओरडून सांगतो.
खाली शिडी धरलेला रोशन ऐकतो,
तुरीत निंदणाऱ्या चार बाया ऐकतात.
आता त्या मला पाणवाटेवर अडवतात,
"काय वं कुंदाबाई, आज नवानं सुरू झाला.
भाव चढते का मंग?"

एकदा पीठ जाऊन माझ्या फोनचा आवाज बसला.
किराणावाल्याच्या फोनवरून लावला.
"कोण?"
"मी."
"मी कोण?"
"अवो, कुंदा. आकडा सांगा लवकर."
पलीकडे नुसता वारा.
"चक्कीचा पट्टा कोणता?"
"बी एकशे बारा."
"मांगच्या साली बदलला तो?"
"बदलला कुठं! तुम्हीच आणतो आणतो म्हणता."
मग त्यानं आकडे सांगितले.
तोवर त्यांची वेळ संपली होती.

संध्याकाळी मी भांडले.
त्यानं हातमोजे खिडकीत ठेवले, पाणी प्यायला, म्हणाला,
"आमी परमिट घेतलं का लाइन बंद.
मंग चालू कोण कराले सांगते?
ज्यानं घेतलं तोच. त्याच्याच तोंडानं.
सबस्टेशनवाला नाव विचारते, नंबर विचारते,
साडू असला तरी विचारते.
प्रल्हाद चाफलेच्या वक्ती
कोणीतरी म्हणलं, झालं काम, सोड."

प्रल्हाद चाफले आता ऑफिसात बसतो, पंख्याखाली.
डाव्या हातानं सही शिकलाय.
मी ताट वाढलं. त्या रात्री शेअरचं काही बोललो नाही.

पौषात आर्वीला जाऊन नंबर बदलून आले.
तिथल्या पोरानं फोनमध्ये आणखी एक अ‍ॅप टाकून दिलं.
मेसेजचीही गरज नाही म्हणाला.
त्यात सहा आकडे, आणि शेजारी एक वर्तुळ,
कडेकडेनं कोणी भाकर खावी तसं संपत जाणारं.
तीस सेकंदांत एक संपतं, दुसरं येतं.
वर कोणी चढलेलं नसतं.

पहिल्या दिवशी एकटीनं उघडलं.
केबल कंपनीचे अठरा शेअर,
साडेतीन रुपयांनी खाली.
विकायचे की ठेवायचे, कोणाला विचारायचं नव्हतं.
मी काहीच केलं नाही.
गहू ओतला. जुना पट्टा फटफटत होता.

साडेनवाला फोन वाजला.
"आज मेसेज नाही आला."
"नाही येणार आता. सांगितलं होतं ना."
"हो. सांगतलं होतं."
मागे रोशन कोणावर तरी खेकसत होता, शिडी नीट धर म्हणून.
तरी यानं ठेवला नाही.

मग मीच म्हटलं, ऐका,
आणि स्क्रीनवरचे आकडे वाचू लागले.
सात, दोन, दोन...
चौथ्याशी वर्तुळ संपलं. नवे सहा आले.
मी जुनेच पुढे सांगितले, आठवले तसे.
शेवटचा बहुतेक चुकला.

"बरं," तो म्हणाला,
"आज आपलाच फीडर हाय. परमिट घेतो.
चक्की बंद कर."

मी बटणापर्यंत पोचेपोचेतो
पट्टा हळू झाला,
अजून हळू,
आणि पाळीत अर्धा गहू तसाच राहिला.